चढताना काही नाही, मग उतरतानाच गुडघा का बोंबलतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४६, आयटीत नोकरी, दर रविवारी सिंहगड. आतकरवाडीतून वर जायला तासभर लागतो, दम लागतो पण पाय एकदम मस्त. उतरायला पस्तीस मिनिटं. आणि उतरताना अर्ध्या वाटेवर डावा गुडघा पुढून, वाटीच्या आसपास ठणकायला लागतो, सोमवारी ऑफिसचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो. कुणीतरी सांगितलंय की वंगण संपलंय, गड बंद करा. तर खरंच बंद करू का?

नका करू. निदान या वर्णनावरून तरी नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यातच, वीसेक वर्षं हेच काम करतेय आणि दर सोमवार-मंगळवार तुमच्यासारखी दोन-तीन माणसं माझ्याकडे ठरलेली असतात. तक्रार सगळ्यांची एकच, चढताना काही होत नाही हो मॅडम, उतरतानाच. आणि समज पण सगळ्यांचा एकच, की चढणं म्हणजे खरी मेहनत नी उतरणं म्हणजे काय, नुसतं खाली यायचं. घोळ इथेच आहे.

घाटात गाडी चालवणाऱ्या कुठल्याही जुन्या ड्रायव्हरला विचारा, तो सांगेल ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायला जाणाऱ्याचे ब्रेक तापतात आणि मग ते लागेनासे होतात. चढाला इंजिन लागतं, उताराला ब्रेक लागतात, दोन्ही वेगळ्या सिस्टिम आहेत आणि एक उत्तम असली म्हणजे दुसरी असेलच असं काही नाही. तुमचं इंजिन चांगलंय, तासाभरात गड चढता म्हणजे प्रश्नच नाही. ब्रेक कच्चे आहेत आणि तुम्ही पस्तीस मिनिटांत खाली येऊन ते जाळताय.

आता हे नुसतं उपमा देऊन सोडत नाही, हिशोब करून बघू. आतकरवाडीची वाट साधारण पावणेतीन किलोमीटर आणि उंचीतला फरक सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी २२ टक्के चढ, कोनात १२-१३ अंश. (व्हीलचेअरच्या रॅम्पला आपल्याकडे बाराला एक असं प्रमाण धरतात, ते जेमतेम ५ अंश होतं, त्यावरून अंदाज घ्या.) ७० किलोचा माणूस ६०० मीटर वर नेला की साधारण ४१२ किलोज्यूल काम होतं, शाळेतलंच गणित आहे. कॅलरीत हे शंभराच्या आतच भरतं, पण आपला स्नायू चढाच्या कामात साधारण पंचवीस टक्केच कार्यक्षम, बाकीची सगळी उष्णता, त्यामुळे शरीराला खर्च पडतो चारशेच्या आसपास कॅलरी. वर गेल्यावर दोन प्लेट कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, की सगळे वसूल, पण तो विषय आज नको.

गंमत पुढे आहे. उतरताना हेच ४१२ किलोज्यूल तुम्हाला कुठेतरी जिरवावे लागतात, ते काही हवेत विरून जात नाहीत. गाडीत ब्रेकचे लायनर तापतात, तुमच्यात मांडीचे पुढचे स्नायू, ज्यांना जिममधली मुलं क्वाड्स म्हणतात. पाऊल अर्ध्या मीटरचं धरलं तर ५४०० पावलं झाली, प्रत्येक पावलाला साधारण ११ सेंटिमीटर खाली, म्हणजे ७६ ज्यूल. पाच किलोची तांदळाची पिशवी दीड मीटर उंच फळीवरून न आपटता अलगद जमिनीवर ठेवली की तेवढं काम होतं. ते ५४०० वेळा करायचंय, निम्मं डाव्या पायाने नी निम्मं उजव्या.

'अलगद' हा शब्द महत्त्वाचा. चढताना मांडीचा स्नायू आवळतो नी आखूड होतो, साधं ओढायचं काम. उतरताना तो आवळलेलाही असतो आणि त्याच वेळी लांबतही असतो. गच्चीवरून दोराने वाळूची पाटी खाली सोडताना आपण दोर एकदम सोडत नाही, मूठ आवळून हळूहळू सरकू देतो, तसं. याला इसेंट्रिक काम म्हणतात आणि त्याचा स्वभाव विचित्र आहे: फुफ्फुसाला स्वस्त, स्नायूला महाग.

स्वस्त किती, तर १९५२ साली इंग्लंडमध्ये अॅबट, बिगलंड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या, एकाने पुढे पेडल मारायचं नी दुसऱ्याने त्याला विरोध करायचा. दोघांचं बळ सारखंच, पण विरोध करणाऱ्याला ऑक्सिजन अगदी थोडा लागत होता. लंडनच्या रॉयल सोसायटीत याचं प्रात्यक्षिक दाखवलं तेव्हा विरोध करायला बसलेल्या बारीकशा बाईने पेडल मारणाऱ्या दणकट माणसाला बघता बघता दमवलं, म्हणे लोक खूप हसले. पुढे मिनेट्टी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या टीमने २००२ मध्ये डोंगरात पळणाऱ्या दहा धावपटूंना ४५ टक्के उतारापासून ४५ टक्के चढापर्यंत ट्रेडमिलवर चालवून ऊर्जा मोजली. सपाटीवर किलोमागे मीटरला साधारण १.६ ज्यूल, सगळ्यात कमी १० टक्के उताराला, तिथे बरोब्बर निम्मी, ०.८. त्याहून तीव्र उतार झाला की खर्च परत वाढत जातो कारण आता ब्रेक मारावे लागतात, पण तरी ४५ टक्के उताराला साडेतीन आणि तेवढ्याच चढाला सतरा. म्हणून उतरताना दम लागत नाही. आणि दम लागत नाही म्हणून आपण पळत सुटतो, शरीराकडे 'हळू जा' असं सांगायची जी एक घंटा आहे तीच वाजत नाही.

महाग कसं ते आता. इसेंट्रिक कामात तेवढाच भार पेलायला स्नायूचे कमी धागे कामाला लागतात, म्हणून ऑक्सिजन कमी, पण जे लागतात त्या प्रत्येकावर ताण जास्त. लांबत असताना ताण म्हणजे आतल्या आत बारीक बारीक उसवणं. हे दुखणं त्या दिवशी येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, रविवारचा गड नी मंगळवारी कमोडवर बसताना 'आई गं'. भारतीय पद्धतीचं असेल तर विचारूच नका. यात घाबरायचं काही नाही, आठवड्यात बरं होतं.

पण तुमची तक्रार नुसती स्नायूची नाही, वाटीची आहे. तर आता गुडघ्यात शिरू.

चढताना आणि उतरताना काम पायाच्या वेगवेगळ्या मजल्यांवर होतं. चढाला मुख्य काम खुब्याचं, म्हणजे कुल्ल्याचे मोठे स्नायू, सोबत पोटरी. उताराला सगळा बोजा येतो गुडघ्यावर. कारण असं की वरचा पाय जमिनीवर असताना खालचं पाऊल खालच्या जागी पोचवायचंय, त्यासाठी वरच्या पायाचा गुडघा वाकवत वाकवत शरीर खाली सोडावं लागतं. वजनाची रेषा गुडघ्याच्या मागून जायला लागते आणि ती जितकी मागे जाईल तितका तरफेचा दांडा लांब, तितकं क्वाड्सना जोरात धरून ठेवावं लागतं. आणि वाटी म्हणजे काय, तर विहिरीच्या कप्पीसारखी. वरून क्वाड्स ओढतात, खालून नडगीकडे जाणारी दोरी ओढते, गुडघा जितका वाकलेला तितका त्या दोन ओढींमधला कोन चिमटत जातो आणि कप्पी मांडीच्या हाडाच्या खाचेत दाबली जाते. सपाटीवर चालताना हा दाब वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतो, जिन्यावर तो वजनाच्या तिप्पट-सव्वातिप्पट होतो असा १९७२ पासूनचा आकडा आहे. हा फक्त वाटीमागचा. मांडीचं हाड नडगीवर टेकतं तो मुख्य सांधा वेगळा, त्याच्यासाठी बर्लिनच्या लोकांनी भारी काम केलंय, कृत्रिम गुडघ्याच्या आतच सेन्सर बसवून पाच पेशंटना चालवलं. २०१० मध्ये छापलेले आकडे: सपाट चालताना वजनाच्या २६१ टक्के, जिना चढताना ३१६, उतरताना ३४६.

हुशार वाचक इथे अडणार. ३१६ आणि ३४६ मध्ये फरक तो काय, दहाच टक्के, मग चढताना का दुखत नाही? बरोबर प्रश्न आहे. नुसत्या कमाल आकड्यात फरक फार नाही, फरक तो भार येतो कसा यात आहे. चढताना तुम्ही पाऊल ठेवता, मग त्यावर वजन चढवता, सगळं तुमच्या मर्जीने, सावकाश. उतरताना वजन पडत असतं नी पाय त्याला झेलत असतो. झेलणारा स्नायू ताजा असेल तर गुडघा थोडा वाकतो नी गादीसारखा दणका पितो. तो थकला की काय होतं माहितीये? माणूस नकळत गुडघा ताठ करतो, कारण ताठ गुडघ्याला स्नायू कमी लागतो. मग टाच धाडकन आपटते आणि दणका सरळ हाडात. किंवा उलटं, पाय लटपटायला लागतात, गुडघा आत पडायला लागतो नी वाटी खाचेच्या एका कडेला घासते. तुम्हाला दुखणं अर्ध्या वाटेवरच का सुरू होतं, याचं उत्तर मला तरी यातच दिसतंय. पहिल्या दोन-अडीच हजार पावलांपर्यंत ब्रेक टिकतात.

१८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक नियम दिला होता, तीन मैलाला एक तास, वर दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. सिंहगडाला लावून बघा, दीड तास येतो, नवख्या माणसाला बरोब्बर तेवढाच लागतो. पण त्या नियमात उतरणीला वेगळा वेळच नाही, उतार फुकट! सव्वाशे वर्षं झाली तरी आपण सगळे त्याच हिशोबाने परतीची बस पकडायला जातो.

उतरायचं कसं हे मी कॉलेजात नाही शिकले. बरीच वर्षं झाली, सिंहगडावरच, पावसाळ्यानंतरची वाट, मातीवर बारीक खडी आलेली, आम्ही सगळे बुटवाले एकमेकांचे हात धरून उतरत होतो आणि मागून वर दही पोचवून परत चाललेली एक मावशी आली, डोक्यावर रिकाम्या मडक्यांची पाटी, पायात साध्या प्लॅस्टिकच्या चपला. मी थांबून तिला जाऊ दिलं नी मग मुद्दाम तिच्या मागे दहा-पंधरा फुटांवर चालत राहिले, फक्त पाय बघत. तिचा गुडघा एकदाही पूर्ण सरळ होत नव्हता, कायम थोडा वाकलेला. पाऊल माझ्या निम्मं. टाच आपटत नव्हती, जवळजवळ पूर्ण तळवा एकदम टेकत होता, आणि टेकायचा तो शरीराच्या खालीच, फार पुढे नाही. तीव्र जागा आली की ती सरळ न उतरता तिरकी जायची, चार पावलं डावीकडे, वळून चार पावलं उजवीकडे. पाटी हलत नव्हती. डोकं वरखाली होत नव्हतं म्हणा, म्हणून पाटी हलत नव्हती. मी विचारलं, मावशी, गुडघे दुखत नाहीत का? ती म्हणाली, "उड्या कशाला मारायच्या, रोज यायचं असतं." वीस वर्षांत पेशंटना मी याहून चांगलं काही सांगितलेलं नाही.

त्या चालीतली एकेक गोष्ट घ्या. पाऊल निम्मं केलं की पावलं दुप्पट होतात, एकूण ४१२ किलोज्यूल तेवढेच राहतात, पण एका वेळी जिरवायचे ७६ चे ३८ होतात आणि मुख्य म्हणजे गुडघा तेवढा खोल वाकवावा लागत नाही, कप्पीवरचा दाब कमी. हेच ते लहान गिअर. तिरकं जाणं म्हणजे घाटातला रस्ताच, उतार खरोखर कमी होतो. फक्त फार वेळ एकाच बाजूला तिरकं गेलात तर डोंगराच्या खालच्या अंगाच्या पायाचा घोटा बाहेर मुरगळायला बघतो, म्हणून बाजू बदलत राहायची. आणि पाऊल शरीराच्या खाली ठेवणं, यावर जरा जास्त बोलते कारण बहुतेक लोक इथेच उलटं करतात.

घसाऱ्यावर भीती वाटली की माणूस मागे झुकतो. साहजिक आहे, पडलो तर बुडावर पडू. पण मागे झुकलं की पाय लांब पुढे जातो, टाच तिरकी लागते आणि ती जमिनीला पुढे ढकलते. घसरायचं की नाही हे दोन जोरांच्या प्रमाणावर ठरतं, जमिनीवर खाली दाबणारा किती नी जमिनीला समांतर सरकवणारा किती. सपाटीवर चालायला साधारण ०.२ एवढं घर्षण पुरतं. १२-१३ अंशाच्या उतारावर नुसतं उभं राहायलाच ०.२२ लागतं, २० अंशाला ०.३६, आणि चालताना टाचेच्या ब्रेकचं त्यावर वेगळं. म्हणजे मागे झुकून तुम्ही नेमकी तीच गोष्ट वाढवता जिची भीती वाटत होती. खडीवर, ओल्या कातळावर, शेवाळावर सगळे घसरतात ते असेच, पाय पुढे नी बूड खाली. उलट कमरेतून किंचित पुढे या, अगदी किंचित, नाक पायाच्या अंगठ्यावर येईल एवढंच. वजन पावलावर येतं, पकड वाढते, आणि वजनाची रेषा गुडघ्याच्या जवळ आल्यामुळे क्वाड्सचं थोडं काम खुबा उचलतो. पहिल्यांदा करताना भीती वाटते, सोप्या उतारावर सराव करा.

पायऱ्यांचं गणित थोडं वेगळं असतं हेही सांगून ठेवते, लोक दोन्ही एकच समजतात. पायरी उतरताना पावलाचा पुढचा भाग आधी टेकतो, त्यामुळे पहिला दणका पोटरी घेते नी मग गुडघा. उतारावर टाच किंवा तळवा आधी, पोटरीला संधीच नाही, सगळं गुडघ्याला. काही लोकांना म्हणूनच पायऱ्या बऱ्या वाटतात. पण गडाच्या पायऱ्या एकसारख्या नसतात, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी, तिथे बाजूने उतरा, आडवं होऊन, दुखरा पाय आधी खाली, चांगला पाय वर राहून शरीर खाली सोडेल. (चढताना चांगला आधी, उतरताना दुखरा आधी, हे तर घरच्या जिन्यालाही लागू.) आणि हरिहरसारख्या उभ्या कोरीव पायऱ्या असतील किंवा कळसूबाईच्या लोखंडी शिड्या, तर कातळाकडे तोंड करून उलटंच उतरायचं. ते नुसतं पडायच्या भीतीने नाही. उलटं उतरताना गुडघा पुढे ढकलला जात नाही नी वरच्या हातांनाही वजन घेता येतं. हरिहरला पायरीत बोटं अडकवायला खोबण्या केल्यात त्या करणाऱ्याला बायोमेकॅनिक्स कुणी शिकवलं नव्हतं.

काठी. मला विचाराल तर चाळिशीनंतर उतरताना काठी न वापरणं हा नुसता अहंकार आहे. साल्झबर्गच्या श्वामेडरने १९९९ मध्ये २५ अंशांच्या रॅम्पवर लोकांना काठ्यांसह आणि काठ्यांशिवाय उतरवलं, गुडघ्यावरचे जोर काठ्यांनी १२ ते २५ टक्क्यांनी कमी झाले. त्यातला काही भाग हात वजन घेतात म्हणून, पण काही भाग काठीमुळे माणूस पुढे झुकायला घाबरत नाही म्हणून, असं माझं मत. काठी उतरताना थोडी लांब करायची, पावलाच्या आधी खाली टेकायची, नुसती हातात लोंबकळत ठेवायची नाही. हजारांच्या जोडीच पाहिजेत असं काही नाही, पायथ्याला मिळते ती बांबूची काठी दोन्ही हातांनी धरून वापरली तरी चालते, फक्त टोक बोथट झालं की कातळावर घसरते, तेवढं बघा.

वजनाबद्दल कुणाला बोललेलं आवडत नाही, मलाही नाही, पण २००५ चा एक अभ्यास आहे, गुडघ्याची झीज असलेल्या जाड माणसांनी एक किलो कमी केलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरला. सॅकलाही हेच लागू. वर पोचल्यावर पाणी पिऊन टाका ना, दोन लिटर भरलेल्या बाटल्या परत खाली आणणारे लोक मी रोज बघते.

आता चढाबद्दल एकच गोष्ट, कारण तुमची तक्रार ती नाही. चढावर तळवा टेकायला घोटा जास्त दुमडावा लागतो. दिवसभर खुर्चीत बसून पोटऱ्या आखडलेल्या असल्या की टाच टेकतच नाही, माणूस चवड्यावर चढतो नी रात्री पोटरीत गोळे येतात. भिंतीसमोर उभं राहा, पाय भिंतीपासून साधारण अर्धी वीत, दहा सेंटिमीटर लांब, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का बघा. लागत नसेल तर पोटऱ्या ताणायला घ्या.

आणि हो, जिम. तुम्ही लिहिलंय की आठवड्यातून तीनदा इन्क्लाइनवर ट्रेडमिल करता तरी असं का. अहो, बहुतेक जिममधली ट्रेडमिल वरच जाते, खाली कुठे जाते? तुम्ही आठवडाभर इंजिन ट्यून करता नी ब्रेकला हात लावत नाही. त्यात पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरून मागे रेलून चालत असाल तर शरीर पट्ट्याला काटकोनात येतं आणि इन्क्लाइन स्क्रीनवरच राहतो.

ब्रेकचा व्यायाम असा. घरातली जिन्याची सगळ्यात खालची पायरी, किंवा चार-सहा इंचांचा पाट किंवा ठोकळा. डाव्या पायावर वर उभं राहा, उजवा पाय पुढे हवेत, आता डावा गुडघा वाकवत उजवी टाच जमिनीला नुसती स्पर्श करेल एवढं खाली या, मनात एक-दोन-तीन मोजत, आणि टाच टेकवून वजन टाकायचं नाही, शिवून परत वर. समोर आरसा ठेवा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. तुमच्या बाबतीत पैज लावून सांगते, पाचव्या-सहाव्या वेळी तो आत पडायला लागेल आणि दुसऱ्या बाजूची कंबर खाली लटकेल, म्हणजे खुब्याच्या बाजूचा स्नायूही कच्चा आहे, कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा व्यायाम त्यासाठी जोडा. आठ-दहा वेळा, दोन ते तीन सेट, एक दिवसाआड, सहा आठवडे. करताना थोडं दुखलं, दहापैकी तीनपर्यंत, तरी चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर ठोकळा कमी उंचीचा घ्या. लोक दुसऱ्या आठवड्यात सोडतात कारण फरक दिसत नाही, फरक चौथ्यात दिसतो.

इसेंट्रिक कामाचा एक चांगला गुण पण आहे. एकदा थोडं उसवलं की स्नायू पुढचे काही आठवडे त्याच कामाला कमी उसवतो. म्हणून मोठ्या ट्रेकच्या एक-दोन आठवडे आधी छोटा उतार करून घ्यायचा, पर्वती असेल, तळजाई असेल, वेताळ टेकडी असेल. वर्षातून एकदम एकदाच हरिश्चंद्रगड करणाऱ्यांचे पाय म्हणूनच चार दिवस कामातून जातात आणि तुमच्यासारखे दर रविवारवाले मांडीच्या दुखण्यातून सुटलेले असतात. तुमची वाटी सुटली नाही कारण तुम्ही दर वेळी त्याच वेगाने, त्याच लांब ढांगांनी पळत येता.

राहिलं वंगण. गुडघ्यातलं द्रव तेलासारखं संपत नाही, ते सांध्याच्या आतलं अस्तर रोज तयार करतं आणि हालचालीनेच ते फिरतं. वाटीमागच्या कूर्चेला स्वतःच्या नसाच नसतात, दुखतं ते आजूबाजूचं, खालचं हाड, अस्तर, वाटीखालची चरबीची गादी. कटकट आवाज येतो म्हणूनही घाबरू नका, न दुखणारा आवाज मी सोडून देते. पुढून दुखणं, जिना उतरताना वाढणं, आणि सिनेमाला दोन तास बसून उठताना धरणं, हे तिन्ही असेल तर तो वाटीचाच प्रकार. बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या जरा वर, चाकू खुपसल्यासारखं दुखत असेल तर मांडीच्या बाहेरून येणारा पट्टा, त्याचा इलाज थोडा वेगळा पण लहान पावलं त्यालाही लागू. मात्र गुडघा सुजत असेल, मध्येच अडकून बसत असेल, एकदम दगा देत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, किंवा मुरगळल्यानंतर सुरू झालं असेल, तर हे सगळं वाचून घरी व्यायाम करत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना हात लावून तपासू द्या. नुसत्या रिपोर्टवर नको. एमआरआयमध्ये आपल्या वयात काही ना काही सापडतंच, न दुखणाऱ्या गुडघ्यातही सापडतं, माझ्या एका पेशंटला त्या रिपोर्टमधल्या एका ओळीने दोन वर्षं घरी बसवलं होतं.

तर या रविवारी जा. वर जाताना नेहमीसारखं, त्यात हात घालू नका. खाली येताना पायथ्याहून काठी घेतलेली असू द्या, पाऊल निम्मं, गुडघे सैल, आणि पस्तीस मिनिटांचा नाद सोडून तासभर धरा. अर्ध्या वाटेवर, नेहमी जिथे सुरू होतं त्याच्या थोडं आधीच, पाच मिनिटं बसा, लिंबू सरबत प्या. लोक पुढे जातील, जाऊ दे. सोमवारी ऑफिसचा जिना कठडा न धरता उतरता आला की नाही ते मला सांगा, मग ठोकळ्याची उंची ठरवू.